मेंदीने प्यायलेला उजेड

माझी बायको भाचीच्या लग्नात, धारला, माझ्या घड्याळाच्या मते वारली.

घड्याळ मुलाने पाठवलेलं. त्याच्या पाठीवर बारीक दिवे असतात. ते मनगटात उजेड सोडतात आणि जेवढा परत येतो त्यावरून नाडी, रक्तातला ऑक्सिजन वगैरे सांगतात. देवासहून निघालो तेव्हा बसच्या कंडक्टरचाही ऑक्सिजन मी काढला होता. (त्याने मागितला नव्हता.)

लग्नघरी माझा भावच वधारला. "काका, माझं बघा ना!" आचाऱ्याचा सत्त्याण्णव. साडूंचा अठ्ठ्याण्णव, ते असे खूश, जणू मीच दिला!

इतक्यात ही आली. दोन्ही हातांवर, पुढून-मागून, कोपरापर्यंत काळीभोर रंगलेली मेंदी. मी मनगटावर घड्याळ बांधलं.

"बासष्ट!" मी ओरडलो.

"एकसष्ट," ती कचोरी खात म्हणाली. "बासष्टावं आत्ताच लागलंय."

"वय नव्हे! तुझा ऑक्सिजन!"

पुन्हा लावलं. आता आकडाच येईना, नुसती रेघ!

साडू वाकून बघत म्हणाले, "भिया, ताई तर एकदम बढिया दिसताहेत."

"दिसणं वेगळं, असणं वेगळं!" मी म्हणालो. झालं! हिची बहीण रडू लागली. आईला पाहून नवरी रडू लागली. पाठवणी दुसऱ्या दिवशी होती, रडणं आदल्याच दिवशी आटोपलं.

साडूंनी गाडी काढली. हिला मी मागच्या सीटवर आडवं केलं आणि तळवे चोळू लागलो.

"अहो, गुदगुल्या होताहेत! मला बसू द्या, साडी चुरगळतेय."

"बोलू नकोस, ऑक्सिजन खर्च होतो!"

दवाखान्याच्या पायऱ्या मी "स्ट्रेचर! स्ट्रेचर!" करत धावत चढलो. माझी एक चप्पल वाटेत राहिली. ती हातात घेऊन पेशंट मागून चालत आली.

डॉक्टरांनी हिच्या कानाच्या पाळीला चिमटा लावला. अठ्ठ्याण्णव.

"माताजी बिल्कुल ठीक हैं," ते म्हणाले. "मेहंदी इतनी गहरी है कि घड़ी की लाइट पी गई." मग माझ्याकडे वळले. "लेकिन आप इतना क्यों हाँफ रहे हैं?"

त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, काटा बघितला, पुन्हा बांधला. मग सिस्टरला हळूच काहीतरी म्हणाले. ज्या स्ट्रेचरसाठी मी ओरडलो होतो, ते आलं. त्यावर मला झोपवलं.

"घाबरण्यासारखं नाही ना?" हिने नीट विचारून घेतलं. नाही म्हटल्यावर पदर सारखा केला. "मग उद्यापर्यंत इथेच राहू द्या यांना. तिकडे संगीत सुरू होईल." आणि साडूंबरोबर गेलीसुद्धा!

लग्नघरी सगळ्यांनी तिला गराडा घातला म्हणे. "काका कुठे? काका कसे नाही आले?"

ही शांतपणे म्हणाली, "त्यांना माझी फार काळजी वाटली. म्हणून ते ॲडमिट झालेत."