पहिला सेकंद डोंगराचा

आज दिगंबरकाकांच्या तेराव्याच्या जेवणानंतर मी काकूंशी खोटं बोललो.

काकू फेसबुकवर नाहीत, म्हणूनच इथं लिहायची हिंमत होतेय. यात शूरपणा काही नाही, माहितंय मला.

दिगंबरकाका, तामलवाडीचे. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. रिटायर झाल्यावर लोकांना वायरलेस शिकवायचे, हॅम रेडिओ म्हणतात तो. फुकट.
भूकंपात सगळे फोन मुके झालेले त्यांनी ड्युटीवर असताना पाहिले होते. ते त्यांच्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

माझं तुळजापुरात झेरॉक्सचं दुकान. काका वायरलेसच्या परीक्षेच्या नोट्स काढायला यायचे. एकदा म्हणाले, "किती दिवस दुसऱ्याचंच छापतूस? स्वतः कायतरी शिक की."

शिकलो. परीक्षा दिली, लायसन आलं, वायरलेसचा हँडसेट घेतला.

घाटावर एका ओळखीच्या रानात काकांनी रिपीटर बसवला होता. पत्र्याची पेटी, बॅटरी, सोलर आणि उंच अँटेना. मला काही केल्या कळेना. शेवटी म्हणाले, डोंगरावर बसवलेला दवंडीवाला समज. तू खालून हळू सांग, तो वरनं चार गावांना सांगंल.

पण हा दवंडीवाला जरा उशिरा जागा होतो. बटण दाबलं की एक सेकंद थांबायचं, मग बोलायचं. नाहीतर सुरुवात कापली जाते.

आपल्याला कुठला आलाय दम!

पहिल्याच दिवशी बटण दाबल्या दाबल्या नाव सांगून मोकळा झालो. आधी कॉलसाइन, म्हणजे लायसनवरची आपली खूण, सांगायची हेही विसरलो. पलीकडं "नितीन"मधलं फक्त "तीन" पोचलं.

"कोण तीन?" काकांनी रेडिओवर सगळ्यांसमोर विचारलं.

तेव्हापासून मी तीन. काकूसुद्धा तीनच म्हणतात.

नवीन माणूस आला की काकांचा पहिला धडा हाच. "दाब, थांब, मग बोल. पहिला घास देवाचा, पहिला सेकंद डोंगराचा."

असे अकरा जण तयार केले त्यांनी. एकेकाच्या गच्चीवर चढून स्वतःच्या हातानं अँटेना बांधून दिल्या. चहाला थांबायचं म्हटलं की शुगर आहे म्हणायचे.

रोज संध्याकाळी सातला रेडिओवर हजेरी. पहिले सहा महिने अकराच्या अकरा हजर.
मग ज्याच्या त्याच्या मागं कामं लागली.
मग व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. तिथं सगळे हजर. गुड मॉर्निंगला लायसन लागत नाही ना.

काका मात्र सातला गच्चीवर बसायचेच. एक नाव घ्यायचे, थांबायचे, पुढचं नाव घ्यायचे.

एकदा दुकानात आले. "तीन, तू तरी ऐकतूस का रं?"

"रोज ऐकतो काका. गिऱ्हाईक असतं, म्हणून बोलता येत नाही."

माझा हँडसेट तेव्हा ड्रॉवरमध्ये स्टेपलरच्या पिनांखाली पडला होता. बॅटरी कधीचीच मेलेली.

काका लई खूश झाले. "मग झालं की. एक माणूस ऐकत असंल तरी डोंगर चालू ठिवायचा."

आणि ठेवला. गुडघे गेलेले, तरी बॅटरीत घालायला डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन घाट चढायचे. माझ्या एका थापेपायी.

काका गच्चीवरच गेले. सातच्या हजेरीला. हार्ट अटॅक. काकू वर आल्या तेव्हा खुर्चीत होते, हँडसेट मांडीवर.

ग्रुपवर श्रद्धांजलीचा पूर आला. आमचे मार्गदर्शक, आमचा आधारवड. सोबत काकांबरोबरचे फोटो. प्रत्येक फोटोत प्रत्येकाच्या हातात हँडसेट.
त्या दिवशी सातला एकाचाही चालू नव्हता. मी प्रत्येकाला विचारलंय. मला तोंड आहे का विचारायला, ते सोडा.

आज जेवणं झाल्यावर काकूंनी मला जवळ बोलावलं.

"तीन, तू रोज ऐकायचास न्हवं, ते सांगायचे मला. मी खाली भाकरी टाकत होते. वर बोलल्याचं आलं कानावर, पण मला वाटलं रोजचंच आहे. शेवटी काय बोलले रं? बोलावलं का कुणाला?"

बाकीचे दहाही तिथंच होते. सगळे आपापल्या चपला शोधायला लागले.

मी म्हणालो, "नाही काकू. नेहमीसारखीच हजेरी घेतली. राम राम म्हणाले आणि बंद केला."

"आवाजात तरास न्हवता ना?"

"नव्हता."

काकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाल्या, बरं झालं बाबा, तू तरी ऐकत होतास.

खरं काय ते मला माहीत नाही. राम रामच म्हणाले असतील कदाचित. कदाचित माझंच नाव घेऊन बोलावलं असेल. त्यांच्या लेखी ऐकणारा मीच होतो ना.

लाज वाटते, असं लिहून काय होणार? पण वाटते.

तिथनं थेट दुकानात आलो. हँडसेट चार्जिंगला लावला. सातला बटण दाबलं. थांबलो. आधी कॉलसाइन सांगितली, मग नाव. या वेळी नितीन पूर्ण गेलं असणार काका.

बटण सोडल्यावर डोंगरावरनं रिपीटरची टिक् आली. म्हणजे तुम्ही पाणी घातलेली बॅटरी अजून चालतेय.

पुढं कुणीच बोललं नाही. साडेसातपर्यंत बसलो होतो.

काका, शेवटचा नमस्कार.
मी ऐकत नव्हतो.