एका चुलीचं एक तिकीट

जयवंताला हट्टी म्हणणारे हिंगणीत काही कमी नाहीत, आणि त्यात तिची आईसुद्धा आली. एकदा नाही म्हटलं की मग कुणी कितीही डोकं आपटा, नाही म्हणजे नाहीच. तिचं गाणं कुठून आलं हे सगळे विचारतात, हा हट्ट कुठून आला ते मात्र कुणी विचारत नाही.

गाण्याचं सोपं आहे. रविवारी विहारात वंदना झाली की बायका गाणी म्हणायच्या, बाबासाहेबांची, रमाईची. त्यात हीपण म्हणायची. पुढं स्वतःच रचायला लागली. अंगणवाडीत मदतनीस होती. पोरांना खिचडी वाढायची आणि पातेली घासता घासता ओळी जुळवायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या भाचीनं, मयुरीनं, अंगणवाडीच्या ओट्यावर तिचं एक गाणं मोबाइलवर घेतलं आणि दिलं सोडून. झालं! चाळिशी ओलांडलेली ही बाई महिन्याभरात पानठेल्यावर, लग्नाच्या डीजेवर, एसटी ड्रायव्हरच्या खिशात, सगळीकडे वाजायला लागली.

हट्टाची गोष्ट जुनी आहे. जयवंता सातआठ वर्षांची असेल. आर्वीला कव्वालीचा सामना होता, तिकीट लावून, चारी बाजूंनी कनात बांधून. आई कमलाबाई पोरीला घेऊन हौसेनं गेली, तर पदरात पैसे एकाच तिकिटाचे. पोरीला एकटं आत कसं सोडणार आणि आपण आत जाऊन पोरीला बाहेर कसं ठेवणार? दोघी कनातीला टेकून उभ्या राहिल्या. जयवंतानं खालून कापड उचलून डोकावायला पाहिलं, तर आतल्या माणसानं बोटांवर काठी हाणली. ती रडायला लागली तशी कमलाबाई म्हणाली, "आयकू येऊन राह्यलं ना? कानाले तिकीट नाई लागत, पोरी. डोळ्याले लागते."

दोघींनी पूर्ण सामना उभ्यानं ऐकला. आतले लोक मधेच खो खो हसायचे आणि ही विचारायची, "काय केलं वं त्यानं?" आईला तरी कुठं दिसत होतं! बोटांचं दुखणं दोन दिवसांत गेलं. लोक कशाला हसले होते ते कळलं नाही, हे मात्र जयवंताच्या मनात घर करून बसलं.

तर अशा बाईकडे वर्ध्याचा प्रफुल आला. मंडप-डेकोरेशनचा धंदा, आणि आता मोठमोठे कार्यक्रमही घ्यायला लागलेला. माणूस वाईट नव्हता, पण पाचशेच्या खाली त्याला तिकीट दिसतच नव्हतं.

"ताई, लोक देतात हो. तुमचं नाव आहे आता."

"माहं नाव ज्यायनं केलं थे पाचशे कुठून देतीन? पन्नास ठेवा."

"पन्नासात हॉलचं भाडं तरी निघेल का?"

"माही बिदागी निम्मी करा. पन्नास ठेवाचं असन त बोला, नाईतर चहा पिऊन जाजा."

प्रफुलनं चहा प्यायला आणि हो म्हणाला. पुढच्या दोन रांगांत सोफे टाकून ते देणगीदारांना देऊ, त्यातून खर्च निघेल, एवढं त्यानं मान्य करून घेतलं. सोफ्याचं जयवंताला आवडलं नाही, पण माणसाचं घर बुडवायचं नव्हतं तिला. एक अट तिनं वर घातली. तिकिटं विहारातल्या बायाच विकतील. कारण नागपूरच्या कार्यक्रमात पन्नासची तिकिटं कुणीतरी गठ्ठ्यानं उचलली होती आणि फाटकावर पाचशेला विकली होती. ते कळल्यावर ती गाडीत बसून ढसाढसा रडली होती, रागानं.

महिला मंडळाच्या शकुबाईनं मग तिकिटांची पिशवी खांद्याला लावली. शकुबाई म्हणजे जयंतीची वर्गणी जमवण्यात मुरलेली बाई. चारचौघी घेऊन ती हिंगणी, सेलू, पार आर्वीपर्यंत ओळखीपाळखीच्या दारोदार गेली. ब्लॅकवाल्याची काय टाप होती तिच्यासमोर यायची! महिन्याच्या आत पिशवी रिकामी झाली.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी जयवंता वर्ध्याच्या हॉलच्या मागच्या खोलीत बसून पाणी पीत होती. पेटी वाजवणारा नागसेन धावत आला.

"ताई, भाईर चाल. लय गरबड झाली."

बाहेर पाहते तर टेंपो, ऑटो, ट्रॅक्टर, पायी आलेले, सगळा रस्ता भरून गेलेला. आत खुर्च्या सहाशे, आणि बाहेर माणसं त्याच्या चौपट-पाचपट. दारावरचा पोरगा ओरडत होता, एका तिकिटावर एकच माणूस! आणि प्रत्येक घर हातात एक तिकीट धरून उभं होतं. नवरा, बायको, सासू, लेकरं, कडेवरचं एखादं.

"हे काय केलं, मावशी?" प्रफुल शकुबाईवर खेकसला. "एका घराला एकच तिकीट?"

"मंग?" शकुबाईला प्रश्नच समजला नाही. "वर्गणी काय मानशी घेत असतेत का? चुलीमागं एक. जयंतीले कोनाच्या घरची डोस्की मोजतो का आपन?"

प्रफुल जयवंताकडे वळला. "तुम्ही सांगितलं नव्हतं यांना?"

जयवंतानं सांगितलं नव्हतं, कारण तिच्याही मनात आलं नव्हतं. पन्नास म्हटले तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर घरंच आली होती, एकेकटी माणसं नव्हेच. घर एकदा देतं आणि मग सगळं घर येतं, हेच ती जन्मभर पाहत आलेली. चूक शकुबाईची नव्हती, दोघींची होती. खरं सांगायचं तर तिला ती आताही चूक वाटत नव्हती.

दाराशी मात्र घरं फुटायला लागली होती. एक म्हातारा सुनेला म्हणत होता, तू जा. सून म्हणत होती, मामाजी तुमी जा, मी पोरायले पाह्यतो. एका बाईनं मुलीला आत ढकललं, तर मुलगी आईचा पदर सोडेना. जयवंता ते बघत उभी राहिली आणि तिची बोटं आपोआप मुठीत मिटली.

प्रफुलनं कपाळावरचा घाम पुसला. "ऐका, ताई, मार्ग आहे. तिकिटामागं एक माणूस आत. बाकीच्यांसाठी बाहेर दोन भोंगे लावतो. सगळ्यांना छान ऐकू जाईल."

"काय म्हटलं?"

"ऐकू जाईल म्हटलं."

"नाई." जयवंता म्हणाली. "आयकून झालं आमचं. मागचं लॉन उघडा."

हॉलच्या मागं लग्नाच्या पंगतींचं मोठं लॉन होतं. त्याचंही भाडं भरलेलं होतं, पण तिथं देणगीदारांच्या गाड्या लागल्या होत्या.

"अहो, गाड्या आहेत तिथं! आत सोफ्यावर मोठी माणसं येऊन बसलीत. त्यांना काय सांगू?"

"गाड्या काढाले सांगा. अन् येतीन थे बी भाईर, पाय हायेत त्यायले."

"हे असं केलं ना, तर वर्ध्यात तुमचा कार्यक्रम पुन्हा कुणी लावणार नाही. मीसुद्धा नाही."

"वर्ध्यात नाई लागला त हिंगणीत लागन. तिथं नाई त माह्या अंगणवाडीच्या ओट्यावर. पन्नास रुपये घेतले ना आपन या लोकायचे? मंग यायच्यातला एक बी मानूस भाईर राह्यला त मी गात नाई. आत नाई, भाईर नाई, कुठीच नाई. देऊन टाका समद्यायले पैसे वापस."

नागसेननं पेटी उचलली आणि लॉनकडे चालायला लागला. तबलेवाला त्याच्या मागं गेला. प्रफुलनं एकदा त्या गर्दीकडे बघितलं, एकदा जयवंताकडे, आणि शेवटी शिव्या देत गाड्यांच्या किल्ल्या मागायला स्वतःच आत पळाला.

गाड्या निघाल्या. फाटक उघडलं आणि लोक आत आले, घरंच्या घरं. हिंगणीहून आलेला टेंपो आत घेतला, मागचा फाळका पाडून त्यावर सतरंजी टाकली, झालं स्टेज. प्रफुलच्या माणसांनी वायरी ओढत आणल्या. तोंडं वाकडी करत देणगीदारही बाहेर आले आणि जागा मिळेल तिथं भिंतीला लागून उभे राहिले. एका कोट घातलेल्या गृहस्थानं खुर्ची मागितली, तेव्हा शकुबाईनं सरकून त्याला आपल्या चादरीचं टोक दिलं. तो थोडा वेळ उभाच राहिला, मग बसला.

जयवंता टेंपोवर चढली. गाणारे माइक हातात घेतला की आधी आवाज येतो का विचारतात. तिनं ते विचारलं नाही.

"मी दिसून राह्यली का समद्यायले?"

"नाई!" मागून, नळाच्या बाजूनं आवाज आला.

"समोरचे बसून घ्या. उभं कोनी राहू नका. भाऊ, टेंपो मांगं घे जरासा, आंब्याची फांदी आडवी येऊन राह्यली."

टेंपो गुरगुरत मागं सरकला. माणसं बसली, लेकरं खांद्यावर चढली. भिंतीशी उभे असलेलेही खाली बसले, प्रफुलसकट.

"आता?"

"डाव्या अंगाले नाई दिसत!"

नागसेननं पेटीवरचा हात पुन्हा उचलून मांडीवर ठेवला. उशीर होत होता, प्रफुल घड्याळ दाखवत होता, पण जयवंतानं तिकडं पाहिलंच नाही. ती टेंपोच्या त्या कडेला सरकून उभी राहिली.

"आता दिसलं का? खरं सांगजा. कोनाले नाई दिसत असन त मी सुरू करत नाई."

सगळ्यात मागं, नळाजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कमलाबाई बसली होती, कपाळावर हाताचा आडोसा धरून.

"दिसून राह्यलं वं, पोरी!" ती ओरडली. "समदं दिसून राह्यलं. गा आता!"

जयवंतानं पदरानं डोळे पुसले आणि नागसेनकडे बघून मान हलवली.