काम नाकारले

वर्ध्याकडच्या आंजीच्या पुढे आमचं गाव. स्वतःची शेती नाही, मी आणि मिस्टर दोघंही मजुरीवर. कापूस वेचून झाला, हरभरा निघाला की उन्हाळ्यात हाताला काम उरत नाही. एका वर्षी मिस्टर तालुक्याच्या कुठल्याशा शिबिराला गेले आणि ऐकून आले की रोजगार हमीत कामाचा अर्ज द्यायचा, पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर सरकारला बेरोजगारी भत्ता द्यावा लागतो. मग ते आमच्या मोहल्ल्यात घरोघर फिरले. लोक हसले. फुकट पैसे कोण देतं, म्हणाले. हे चिडले नाहीत.

"भीक नाई मागून राह्यलो," ते सांगायचे. "काम मागून राह्यलो. काम नसंल तर भत्ता."

त्यांच्या शब्दावर बऱ्याच घरांनी अर्ज दिले. आमचाही दिला, दोघांच्या नावाने.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. सकाळी नळावरून पाणी आणताना ते अंगणातच पडले. उजवा हात उचलेना, जीभ जड झाली. लकवा. गाडी करून वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मी त्यांच्या पलंगाखाली चटई टाकून राहिले. त्यांना भरवायचं, पुसायचं, कूस बदलून द्यायची. गावात काय चाललंय याची मला शुद्ध नव्हती.

गावात तेवढ्यात काम निघालं होतं, नाला खोल करायचं. पंचायतीच्या भिंतीवर नावं लागली, त्यात आमचीही होती. शेजारणीने रोजगार सेवकाला, म्हणजे पंचायतीत या कामांची हजेरी ठेवणाऱ्या पोराला, सांगितलं की ते दोघं दवाखान्यात आहेत. त्याने ऐकून घेतलं, पण कागदावर काही आलं नाही.

आम्ही घरी परतलो तोवर काम संपलं होतं. पुन्हा रिकामे दिवस आले. नवे अर्ज देऊन पंधरा दिवस झाले तरी काम निघालं नाही, तेव्हा मोहल्ल्यातल्या लोकांनी भत्त्याचा दावा लावला. मीही गेले. संध्याकाळी रोजगार सेवक स्वतः दाराशी आला. पोरगा वाईट नव्हता, मान खाली घालून बोलत होता.

"वहिनी, तुमचं नाई बसत. बोलावणं आल्यावर आले नाई, म्हणून दोघाईच्या नावासमोर 'काम नाकारले' लागलं. आता तीन महिने भत्ता नाई."

मिस्टर बाजेवर पडून ऐकत होते. त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं. शब्द नीट फुटत नव्हते, तरी मला कळलं.

"मी कवा नाई म्हटलं?"

आणि ते रडायला लागले. अर्धाच चेहरा रडत होता, दुसरी बाजू तशीच थंड. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तापातही टोपलं उचलणारा माणूस तो. भत्त्याचं त्यांनी पुन्हा नावही काढलं नाही. फक्त रोज एकच म्हणायचे, तेवढं खोडून आण.

शेजारणीला त्यांच्यापाशी बसवून मी वर्ध्याला तहसीलमध्ये गेले. पहिल्या खेपेला साहेब मिळाले नाहीत. दुसऱ्या खेपेला एक मॅडम होत्या. त्यांनी दवाखान्याचे कागद सावकाश वाचले, मला बसायला सांगितलं. भत्ता माझ्या हातात नाही, म्हणाल्या, पण यात तुमचा दोष नाही. मग बाबूला बोलावून त्यांनी शेरा बदलायला लावला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'आजारपणामुळे गैरहजर.' मी एकेक अक्षर लावून वाचलं. मला तिथेच रडू येईल असं वाटलं, म्हणून घाईने उठले.

परतीच्या एसटीत उभीच होते. त्यांना कसं सांगायचं, आधी काय म्हणायचं, हेच मनात घोळवत होते.

घरासमोर माणसं जमलेली दिसली. दुपारून त्यांना दुसरा झटका आला होता. श्वास चालू होता, डोळे उघडे होते. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "खोडलं हो. आता आजारी होते असं लिवलं हाये."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. घरी आलेल्या पाहुणीकडे पाहावं तसं. मग तुटक तुटक विचारलं, "बाई, तुमी कोनाच्या घरच्या?"

"तुमच्याच," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, बरं, असेल, अशी. त्यानंतर ते काही आठवडे होते. मी रोज तेच सांगायची, कधी भरवताना, कधी अंग पुसताना. एखादे दिवशी पोचेल असं वाटायचं. पोचलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी एकटीच्या नावाने अर्ज दिला. काम लवकर मिळालं, गावाजवळच. दुपारी कडुलिंबाखाली डबे उघडतात तेव्हा बाया मला मधे बसवून घेतात, कुणी चटणी वाढते, कुणी भाजी. मी सगळं खाते. त्यांना वाटतं, सावरली बिचारी. मी त्यांना तसं वाटू देते.