युसूफ वडगावातली दमट खोली

नेकनूरला एसटी थांबली तेव्हा खिडकीची काच सरकवायला गेले आणि हाताला चटकाच बसला. मे महिना. आम्ही दापोलीची माणसं, घामाला सरावलेली. पण या हवेत घाम येतच नव्हता, ओठ मात्र फुटले होते. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

"कावून (का) आलाव एवढ्या उन्हाचं?"

"भाचीकडे."

"मग प्या," असं त्या म्हणाल्या, जणू पाणी फक्त मावश्यांनाच मिळतं!

पुढे नांगरलेली काळी रानं उन्हात नुसती थरथरत होती. लांबची झाडं जमिनीपासून सुटून वर तरंगत होती. मी जागी होते की डुलकीत, देव जाणे. युसूफ वडगावला उतरले, तर अनघा ओढणी डोक्याला गुंडाळून उभी. माझ्या बहिणीची मुलगी, लग्न होऊन इथे आलेली.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याची आणि मसाल्याची पूड) घालून केलेली आमटी. झणझणीत! अनघाच्या सासूबाईंना ती आत्याबाई म्हणते. त्या वाढता वाढता म्हणाल्या, "इहीणबाई, सुनंचा कारखाना बघून घ्या. धान्याची खोली दिलीय तिला. गावच्या पोरींचे खो-खोचे टी-शर्ट छापतीया. हे काम नीट झालं तर ठीक, न्हाई तर खोलीत खताच्या गोण्या. भाऊजींना सांगून ठिवलंय म्या."

अनघा मान खाली घालून भाकरी मोडत राहिली. मला फार वाईट वाटलं.

खोलीचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच थबकले. खिडक्यांना ओली गोणपाटं टांगलेली, आत मंद उजेड, भिजल्या तागाचा वास. अंगाला ओलसर हवा लागली आणि बाई गं, मी थेट आमच्या खाडीकाठच्या स्वयंपाकघरात! डोळे मिटले असते तर भरतीचं पाणी ऐकू आलं असतं.

"पंखा नाही लावायचा हं, मावशी," अनघा म्हणाली. "शाई पाण्यातली आहे. इथल्या कोरड्या हवेत ती छपाईच्या जाळीतच वाळते, भोकं बुजतात. म्हणून कूलर बाहेर, पडद्याआडून नुसता गारवा येऊ देते."

भिंतीवर ओलावा दाखवणारं काट्याचं छोटं यंत्र होतं. आत्याबाई त्याला पाण्याचं घड्याळ म्हणतात. छापलेला कपडा मात्र शेजारच्या पत्र्याच्या खोलीत वाळतो. तिथे भट्टी. मधलं एक दार ओलांडलं की हवामान बदलतं.

अनघा चौकटीच्या जाळीवरून शाई पसरवणारं रबर ओढायची, चौकट उचलायची, की टी-शर्टच्या पिवळ्या पाठीवर काळ्या अक्षरांत गावाचं नाव. पुन्हा ओढ, पुन्हा नाव. मी स्टुलावर बसून त्या तालावर तरंगत होते. हळूहळू मला घाम आला. केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

अनघा टी-शर्ट वाळत घालायला पलीकडे गेली आणि आत्याबाई डोकावल्या. "अगं बया! पाव्हणी घामानं न्हालीया!" मी नको नको म्हणेपर्यंत टेबलपंखा आला, सुरू झाला आणि माझ्यावर रोखलाही गेला.

अनघा परतली आणि घाईत तिने पुढचा हात मारला. जाळी बुजली होती. गावाचं नाव अर्धंच उमटलं. घाबरून तिने जोर लावला, तर शाई पसरली. जादा टी-शर्ट एकही नव्हता, आणि संध्याकाळी मुली टेम्पोने सामन्यांना माजलगावला निघणार होत्या.

"म्या केलं का हे?" आत्याबाईंचा आवाज एवढासा झाला.

"पाणी!" अनघा ओरडली. "वाळायच्या आत!"

आत्याबाईंनी टी-शर्ट ओढला आणि हौदावर धावल्या. त्या चोळत होत्या आणि पुटपुटत होत्या, "सुकू नको गं माय, सुकू नको." शाई निघाली, नुसती पुसट छाया उरली. पण टी-शर्ट चिंब! आमच्याकडे हा दोन दिवस वाळायचा नाही, असं मी रडवेल्या सुरात म्हटलं. आत्याबाईंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

"इथं?"

गच्चीवर त्यांनी तो दोन्ही हातांनी वाऱ्यात धरला. पिवळं पोट फुगलं. मी शेजारी उभी, डोळ्यांपुढे सगळं रान पिवळं झालेलं. चहा होईपर्यंत टी-शर्ट पापडासारखा कडक! तोवर अनघाने जाळी धुतली, गोणपाटं पुन्हा भिजवली. कापड जरा निवू दिलं आणि श्वास रोखून रबर ओढलं. अक्षरं बरोबर त्या छायेवर बसली. मी तिला मिठीच मारली.

संध्याकाळी मुलींनी टी-शर्ट अंगातल्या कपड्यांवरच चढवले आणि "नीट दिसतंय का गं?" म्हणत एकमेकींना पाठी दाखवल्या. टेम्पो गेला. तेवढ्यात आत्याबाईंचे दीर ट्रॅक्टर घेऊन आले.

"वैनी, खताच्या गोण्या त्या खोलीत टाकू ना?"

चौकट पुसणारा अनघाचा हात थांबला.

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "गोठ्यात टाका. त्या खोलीत सून काम करतीया. अन् ते दार लावा आधी, हवा चाललीय भायेर!"

परतीच्या एसटीत मी रस्ताभर झोपले. दापोलीला पोचले, तर ताई, अनघाची आई, दारातच.

"पोरीला मानवली का गं तिकडची हवा?"

"नाही मानवली," मी म्हटलं. "म्हणून तिने इथली तिथे नेली. सासूबाई राखण करतात."