व्हॅक्सीनमधली गाय

"गाय? तुमच्या घरी गाय मेल्यावरच येत असंल. कातडं सोलता सोलता लॅटिन शिकली काय वं?"

वर्ग हसला. मी उभीच होते. नववीत होते, शेलूबाजारच्या शाळेत. विज्ञानाचे सर माझ्याच गावचे, आसेगावचे. मोठ्या शेतीवाल्या घरातले. गावोगाव देवीची लस टोचणं चालू होतं. त्यांनीच विचारलं होतं, व्हॅक्सीन हा शब्द आला कुठून? शोधून आणा.

मी शोधला. आईच्या तोंडावर देवीचे वण होते. मला तो शब्द हवाच होता. मंगरूळपीरच्या वाचनालयातला जाडा शब्दकोश उभ्यानंच वाचला. पाठ केलं. वर्गात "लॅटिनमध्ये वाक्का म्हणजे गाय" एवढंच बोलले आणि सरांनी तोडलं.

"बस खाली."

बसले. घरी अर्ध्या भाकरीवरून उठले. आईनं खोदून विचारलं, मग म्हणाली, "पुरं सांगायचं नव्हतं तं शोधलं कायले?"

पुढच्या आठवड्यात सरांची गाय मेली. धर्मांतरानंतर आमच्या वस्तीनं मेलेलं ढोर ओढणं सोडलं होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. सरांनाही. तरी हजेरी घेता घेता म्हणाले, "ए गायवाली, बापाले सांगजो. आमची गाय पडली. ओढून न्या म्हणा."

पुन्हा हसू.

मी उठले. "सर, ते काम आमी सोडलं. तुमची गाय तुमी ओढा."

हसू थांबलं.

"बस खाली!"

"नाही बसत. त्या दिवशीचं अर्धं राह्यलं."

फळ्याजवळ गेले. वाक्का लिहिलं. सांगितलं, गाईच्या सडांवर फोड यायचे. धार काढणाऱ्या बायांच्या हातांवर तेच उठायचे. त्या बायांना देवी येत नसे. त्या फोडातलं पाणी टोचून लस झाली, म्हणून तिच्या नावात गाय. पूजेतली नाही. गोठ्यातली. शेणामुतात हात घालणाऱ्यांची.

छडी बोटांवर बसली. खडू तुटला. उरलेल्या तुकड्यानं मी लिहीत राहिले.

संध्याकाळी सरांनी आणि त्यांच्या भावांनी नाकाला धोतराचा सोगा लावून गाय ओढली. आमची वस्ती बाहेर येऊन बघत होती. कुणी हसलं नाही.

आता मी शिकवते. माझ्या वर्गात बोलणाऱ्याला कुणी मधे तोडायचं नाही. आणि मला कुणी तोडलं, मग ती सभा असो की साहेबाची कचेरी, वाक्य पुरं होईपर्यंत मी बसत नाही. अर्धी राहिलेली वाक्यं अजून पुष्कळ आहेत.