राक्षसाचा डावा गुडघा

राक्षसाने आपला जीव गुडघ्यातून काढून कत्तलखान्याच्या बर्फाच्या खोलीत लपवलाय, अशी कुजबुज आमच्याकडे बरीच वर्षं चालली. कुणी म्हणे डब्यात ठेवलाय, कुणी म्हणे बकऱ्याच्या काळजात शिवून आकड्याला टांगलाय. न्हाव्याने तर म्हणे तो डबा उघडून पाहिला होता. आता न्हावी हे गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून सांगायचा, त्यामुळे त्याला खोटं पाडायला कुणी धजावलं नाही.

हा राक्षस म्हणजे कत्तलखान्यातला हमाल. सोललेली जनावरं खांद्यावर टाकून ओट्यापासून गाडीपर्यंत न्यायची, हे त्याचं जन्मभराचं काम. शर्टाची कॉलर कायम तांबूस. दारातून आत यायचा तोही तिरका होऊन. बायको मात्र त्याच्या कोपराला लागेल एवढीशी. तिला आम्ही राक्षसीण वहिनी म्हणायचो. ती एकदा कडाडली की हा गडी चप्पल कुठे काढली तेही विसरायचा.

त्याला राक्षस केला तो एका गोष्टीने. गोष्ट जुनी, आईच्या दुधाबरोबर पोटात गेलेली. राक्षसाचा जीव डाव्या गुडघ्यात असतो, लोहाराचा पोरगा तिथे हातोडा हाणतो, राक्षस कोसळतो, राजाची मुलगी सुटते. झालं. पण ती आमच्या हाडामासात अशी भिनली होती की विचारू नका. मलमाच्या डबीवर राक्षसाचा गुडघा, काडेपेटीवर लोहाराचा पोरगा, ट्रकच्या पाठीवर हातोडा. स्थळ बघायला गेलेले लोकसुद्धा हळूच विचारायचे, "मुलाचा गुडघा कुठे?" म्हणजे व्यसन कसलं. आणि मारामाऱ्या! दोघांची जुंपली की डोकं, पोट, सगळं सोडून डाव्या गुडघ्यावर लाथ. दवाखान्यातला प्लास्टरवाला म्हणायचा, "उजवा पाय कसा बांधतात तेच विसरलो बघा." एका चाकूवाल्याने समोरचं उघडं पोट सोडलं आणि गुडघ्यात भोसकायला खाली वाकला. वाकला तशी तोंडावर लाथ बसली आणि जबडा कानापाशी गेला. तरी शहाणा झाला नाही, पुढच्या वेळी पुन्हा वाकला.

कामगार क्लबाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी याच गोष्टीचा खेळ व्हायचा. आमचा हमाल त्यात राक्षस. अंगावर केसाळ पोतं, डाव्या गुडघ्यावर कापूस भरलेलं चामडी पॅड. हातोडा पुठ्ठ्याचा, त्याला आवाज कुठला? म्हणून विंगेत पत्रा टांगलेला असायचा. हातोडा गुडघ्याला टेकला की त्यावर दांडका हाणायचा. ते काम माझ्याकडे होतं. पगार नव्हता, पण दुसऱ्यांच्या घरातलं ऐकायला विंगेसारखी जागा नाही.

लोहाराचा पोरगा व्हायचा त्याचा जावई. वेल्डर, अंगाने चिरेबंद, दिसायला असा की पहिल्या रांगेतल्या बायका पदर सावरायचं विसरायच्या. बाहेर साखर, घरात सुरी. त्याची बायको, म्हणजे राक्षसाची मुलगी, चामड्याच्या पिशव्या शिवायची. आधी तिच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले. "मशीनवर आपटले," म्हणाली. मग ओठ फाटला. मशीन काही एवढं उडत नाही, हे आम्हालाही कळत होतं. शेवटी एका सकाळी ती माहेरी आली ती स्वतःचे दोन दात मुठीत घेऊन.

राक्षसीण वहिनीने ते दात नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवले. "रोज जनावरं उचलता ना? मग जावई नावाचं हे एक उचला की."

"न्यायला येईल तेव्हा बघू," राक्षस म्हणाला.

"येणारच आहे," मुलगी म्हणाली. तोंड सुजून शब्द धड फुटत नव्हते. "मारता मारता सांगत होता. आधी तुझ्या बापाचा गुडघा फोडतो, मग तुला केसाला धरून नेतो. दारात आडवं यायला कोण उरतंय बघू."

रविवारी तो विंगेत आला तो शीळ घालत. मुलगी खाली बसून बापाच्या गुडघ्याला पॅड बांधत होती. तिने मान वर केली नाही.

"मामा, हिला तयार राहायला सांगा. खेळ संपला की घेऊन जातो."

"ती येणार नाही."

"अडवणार कोण? तुम्ही? तुम्ही तर दर रविवारी माझ्या पायाशी लोळता!"

आजूबाजूचे हसले. मुलीने पॅडची गाठ दाताने ओढली, उरलेल्या दातांनी.

शेवटचा प्रवेश सुरू झाला. जावयाने हातोडा उचलला तसा मी दांडका उगारला आणि त्याच्या दंडाकडे लक्ष गेलं. पुठ्ठा उचलताना दंडाची शीर फुगत नाही. अस्सल लोखंड होतं ते, वर रंग फासलेला. राक्षस त्याच्यासमोर वाकून उभा, टक्कल अगदी हातोड्याच्या खाली. तिथे एक घाव घातला असता तर सगळा निकाल लागला असता. पण त्याच गोष्टीवर पोसलेला गडी! डोकं सोडून सगळ्या ताकदीनिशी डाव्या गुडघ्यावर गेला.

खण्णकन आवाज झाला. माझा दांडका अजून हवेतच होता.

राक्षस पडला नाही.

"पड की रे!" मागून कुणी ओरडलं. जावयाच्या हाताला झिणझिण्या आल्या होत्या, तरी त्याने पुन्हा हातोडा उगारला. कुठे? गुडघ्यावरच. या वेळी राक्षसाने त्याचं मनगट वरच्या वर पकडलं, बकऱ्याची तंगडी पकडावी तसं. स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर आडवं धरलं आणि दाबलं. ओली फांदी मोडते तसा आवाज आला. मग त्याला खांद्यावर टाकून रंगमंचाच्या कडेपर्यंत नेला आणि पहिल्या रांगेत फेकला. त्याचं देखणं नाक खुर्चीच्या दांड्यावर फुटलं.

क्षणभर टाळ्या पडल्या. मग लोकांच्या ध्यानात आलं की राक्षस जिवंत आहे.

"गोष्ट बदलली! गोष्ट बदलली!"

अहो, माणूस रक्तात लोळतोय त्याचं कुणाला काही नाही, राक्षस मेला नाही याचा संताप! खुर्च्या उडाल्या. ज्याने आयुष्यात माशी मारली नव्हती त्या चहावाल्याने बाकाचा पाय उपटून मॅनेजरला झोडपला. अर्थातच डाव्या गुडघ्यावर. पडदा फाडला, दिवे फोडले, दोघांची डोकी फुटली आणि कुणाच्या तरी कानाची पाळी पायऱ्यांवर सापडली. या सगळ्यात आमचा प्रॉम्प्टर, हाडाचा प्रामाणिक, विंगेतून राक्षसाला सांगतोय, "पडा! अहो, पडा!"

फौजदार आले. त्यांनाही गोष्ट पाठ.

"खेळात राक्षस मरतो ना?"

"मरतो, साहेब."

"मग तुम्ही का नाही मेलात?"

"मुलीला घरी न्यायचं होतं."

काही महिने आत जाऊन आला. गुडघा सुजून कलिंगडासारखा झाला होता आणि पुढे जन्मभर लंगडत राहिला, पण लोकांना ते दिसलं नाही. त्यांना दिसला न पडलेला राक्षस. जावई एकदा गल्लीच्या तोंडाशी आला. मनगट वाकडं जुळलेलं, नाक त्याहून वाकडं. राक्षस उंबऱ्यावर डावा पाय पसरून बसला होता. जावयाने पाय पाहिला आणि आल्या पावली परत गेला. मुलगी माहेरीच राहिली, पिशव्या शिवत.

गोष्ट मात्र फिरली. मलमाच्या डबीवर आता राक्षस ताठ उभा असतो. मारामारीत कुणी गुडघ्याला हात लावत नाही, सरळ डोकं फोडतात. प्लास्टरवाला माश्या मारतो आणि टाके घालणाऱ्याला जेवायला फुरसत नाही.

बर्फाच्या खोलीत काही नव्हतं. त्या रविवारी पॅडमध्ये कापसाच्या जागी बापाच्या जुन्या सत्तुराचं पातं होतं. ते मुलीने शिवलं होतं.