शेवाळ महिन्याचं नवं नाव

त्या शहरात वर्षाचे नऊ महिने होते आणि त्यांची नावं चौकातल्या भिंतीवर रंगवलेली असत: पालवी, धूळ, वादळ, शेवाळ, अशी. अक्षरं पुसट झाली की ती उजळायचं काम रंगारीणबाईचं. नवे कारभारी आले आणि त्यांना नावं बदलायचं खूळ लागलं. वादळ महिन्याला त्यांनी आपल्या सासूबाईंचं नाव दिलं, तेव्हा सगळा चौक पोट धरून हसला. शिडीवरची रंगारीणबाईही हसली.

मग एका सकाळी तिचा धाकटा दीर आला. कारभाऱ्यांच्या कचेरीत कारकून, लाळघोटेपणात तरबेज.

"वहिनी, शेवाळ खरवडा. तिथं 'जामात' लिहा. साहेबांच्या जावयाच्या सन्मानार्थ."

त्याच जावयाच्या कारखान्यात शेवाळ महिन्यात भट्टी फुटली होती. तडा गेलाय म्हणून कामगार ओरडत असताना त्याने ती पेटवायला लावली. तिचा नवरा आणि आणखी कितीतरी कामगार त्यात गेले. दरवर्षी शेवाळ लागला की त्या विधवा कारखान्याच्या फाटकासमोर जाऊन उभ्या राहत. आता महिनाच उरला नाही, तर उभं कधी राहायचं?

"ही कल्पना कुणाची?"

दाढेत अडकलेलं काहीतरी जिभेने काढत दीर म्हणाला, "मलाच सुचली म्हणा ना."

"तुझा सख्खा भाऊ होता रे तो!"

"गेलेला माणूस कुठला महिना बघतोय, वहिनी?"

तिने ब्रश रॉकेलच्या डब्यात टाकला. "माझ्या हाताने त्या जावयाचं नाव लिहिणार नाही. आणि पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस. किळस येते मला तुझी."

भिंतीचं काम गेलं. दीर स्वतःच शिडीवर चढला. अक्षरं वेडीवाकडी आली, लोकांनी टिंगल केली. पण शाळेत, दुकानात, बिलांवर तेच नाव आलं आणि हळूहळू तोंडात बसलं. रंगारीणबाई दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरू लागली. फाटकाशी ती जातच राहिली, पण सोबतच्या बायका कमी होत गेल्या.

एकदा जेवताना लेक सहज म्हणाली, "आई, मला जामातात सुट्टी आहे. कुठंतरी जाऊन येऊ या?"

"काय म्हणालीस?"

"अगं, सगळेच तसं म्हणतात."

तिला घास गिळवेना. मोरीत जाऊन तिने तो थुंकला, चूळ भरली, तरी तोंड कडूच. परत येऊन लेकीसमोर बसली खरी, पण तिला ताटाकडे बघवेना.